टेपा हरवल्या नव्हत्या

वूडस्टॉकचं नाव न ऐकलेला रॉकवेडा पोरगा सापडायचा नाही. ऑगस्ट १९६९. पाऊस, चिखल, लांब केसांची चार लाख पोरं. आपल्याला हे ठाऊक कसं? आपण काय तिथं होतो? ठाऊक आहे, कारण १९७० साली त्याचा सिनेमा निघाला, रेकॉर्डी निघाल्या, सिनेमाला ऑस्कर मिळालं. जे रिळात शिरलं ते इतिहासात शिरलं.

आता दुसऱ्या गाण्याची गोष्ट. साल तेच, उन्हाळा तोच. वूडस्टॉकच्या त्या शेतापासून दीडएकशे किलोमीटरवर, न्यूयॉर्क शहरात, हार्लेम. काळ्यांची वस्ती. तिथल्या माउंट मॉरिस पार्कात (आज त्याला मार्कस गार्वी पार्क म्हणतात) २९ जून ते २४ ऑगस्ट असे सहा रविवार फुकट गाणं झालं. टोनी लॉरेन्स नावाच्या काळ्या गायकाने हा हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल जमवला. महापौर लिंडसे पाठीशी, पैसा एका कॉफीवाल्या कंपनीचा. सगळे रविवार धरून तीनेक लाख माणूस आलं. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, झाडांवर चढून बसलेली पोरं.

हे नुसतं गाणंबजावणं नव्हतं मित्रांनो. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता, वस्त्या पेटल्या होत्या. त्याच १९६९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एकवीस ब्लॅक पँथरांवर कटाचा खटला भरला गेला. कोर्टात ज्यांच्यावर तो चालला ते १९७१ साली सगळेच्या सगळे निर्दोष सुटले. तेव्हा वस्तीचा आणि पोलिसांचा भरवसा किती, हे सांगायला नको. फेस्टिव्हलच्या बंदोबस्ताला उभे राहिले ते ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्यांचं नाव घेतलं, तेच हे.

गाणारे कोण? स्लाय अँड द फॅमिली स्टोन. काळे-गोरे, बाया-पुरुष एकाच बँडमध्ये. ट्रम्पेट फुंकणारी काळी बाई, ड्रमवर गोरा पोरगा. हाच बँड पुढं वूडस्टॉकलाही वाजला. रॉक म्हणजे गोऱ्या पोरांची चैन असं आपल्यातले पुष्कळ समजतात. अरे, त्या गिटारीचं मूळ ब्लूजमध्ये आहे, आणि ब्लूजचा बी. बी. किंग याच मंचावर वाजवून गेला. महालिया जॅक्सनने तरण्या मेविस स्टेपल्सच्या सोबतीने किंगचं आवडतं भजन म्हटलं. एकीचा आवाज संपतो कुठं आणि दुसरीचा लागतो कुठं, कळत नाही. मी ते टेपेवर ऐकलंय, अंगावर काटा येतो. २० जुलैच्या रविवारी स्टीव्ही वंडर गायला. त्याच दिवशी अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली. टीव्हीवाल्यांनी पार्कातल्या लोकांना विचारलं, कसं वाटतं? लोक म्हणाले, तो पैसा हार्लेममधल्या उपाशी पोटांना द्यायचा होता. आणि १७ ऑगस्टला, तिकडं वूडस्टॉकचा चिखल तुडवला जात होता त्याच रविवारी, इकडं नीना सिमोन पियानोवर बसली होती.

मग हे कुणी टिपलं नाही का? टिपलं. हाल टुल्चिन नावाच्या गोऱ्या टीव्हीवाल्याने. दिव्यांना पैसा नव्हता, म्हणून मंच पश्चिमेकडं तोंड करून बांधला, दुपारचा सूर्य हाच दिवा. चाळीसेक तासांच्या व्हिडिओटेपा भरल्या. त्यातलं थोडंफार त्याच वर्षी टीव्हीवर आलं आणि विझलं. टुल्चिन दारोदार फिरला. 'ब्लॅक वूडस्टॉक' असं नाव देऊन पाहिलं, म्हणजे माल खपवायला नावसुद्धा गोऱ्यांच्या जत्रेचं उसनं घ्यावं लागलं. तरी कुणी घेतल्या नाहीत. त्या काळी टेप महाग, टीव्हीवाले सर्रास जुनं पुसून त्यावर नवं भरायचे. या बाबाने पुसलं नाही, घराच्या तळघरात जपून ठेवलं, एवढं श्रेय त्याचं त्याला दिलंच पाहिजे.

सिनेमा निघाला २०२१ साली. 'समर ऑफ सोल'. अहमिर थॉम्प्सन ऊर्फ क्वेस्टलव्ह, स्वतः ड्रम वाजवणारा काळा कलावंत, त्याने तो केला. २०२२ साली त्यालाही ऑस्कर मिळालं. टुल्चिन मात्र २०१७ मध्येच वारला होता. पेपरवाल्यांनी 'हरवलेल्या टेपा सापडल्या' अशी हाकाटी केली. हरवल्या कुठं होत्या? घराचा पत्ता ठाऊक होता, धनी जिवंत होता, तो विकायला तयार होता. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच. 'हरवल्या' म्हटलं की कुणाचाच दोष उरत नाही, म्हणून हा शब्द लोकांना आवडतो.

पण पन्नास वर्षं या माणसांचं काय झालं? सिनेमात एक गृहस्थ आहेत. लहान पोर असताना आईबापांबरोबर पार्कात गेलेले. पुढं आयुष्यभर त्या दिवसाचा फोटो नाही, रेकॉर्ड नाही, पुस्तकात ओळ नाही. आपण हे खरंच पाहिलं की आपल्या डोक्यानेच रचलं, अशी शंका त्यांना स्वतःच्याच आठवणीची यायला लागली होती. त्यांच्या ध्यानात काय राहिलं होतं, तर फिफ्थ डायमेन्शन या बँडचे नारिंगी कपडे. आइस्क्रीमच्या कांडीसारखे. त्यांच्यासमोर टेप लावली. ते बघत राहिले आणि रडायला लागले. कपडे नारिंगीच होते.