कांदेनवमी : एका निषिद्ध कंदाच्या मेजवानीचा इतिहास

१/
आषाढ शुद्ध नवमी. एकादशी दोन दिवसांवर आलेली, आणि एकादशीपासून चातुर्मासाचा आरंभ. महाराष्ट्रातील अनेक घरांत या दिवशी परातभर कांदा चिरला जातो. भजी, थालीपीठ, भरले कांदे, पीठ पेरून केलेली भाजी असा बेत ठरतो, आप्तेष्ट जमतात. पुढचे चार महिने कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य, म्हणून ही आधीची मेजवानी. लोक या तिथीला 'कांदेनवमी' म्हणतात. ज्या परंपरेने कांदा अभक्ष्य ठरवला, तिच्याच दिनदर्शिकेत कांद्याच्या नावाची तिथी कशी आली, हा या धाग्याचा विषय.

२/
आरंभ स्मृतिग्रंथांपासून. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि अळंबी हे पदार्थ द्विजांना अभक्ष्य सांगितले आहेत. जाणूनबुजून ते खाणारा द्विज पतित होतो, असेही तेथे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने कांदा खाण्यास चांद्रायण हे प्रायश्चित्त सांगितले. चांद्रायण म्हणजे चंद्रकलेप्रमाणे घास वाढवत आणि घटवत नेण्याचे महिनाभराचे व्रत. एका कांद्यासाठी महिनाभर मोजून घास घ्यायचे, यावरून निषेधाची तीव्रता कळते.

३/
या निषेधातील दोन गोष्टी नीट पाहण्याजोग्या आहेत. पहिली, तो सर्वांसाठी नाही, द्विजांसाठी आहे. म्हणजे कांदा खाणारा मोठा समाज या ग्रंथकारांच्या डोळ्यांसमोर होता. दुसरी, तो ऋतूशी बांधलेला नाही. आषाढात खाऊ नये आणि मार्गशीर्षात खावा, असे मनुस्मृती म्हणत नाही. तिच्या लेखी कांदा बारा महिने वर्ज्य आहे. ही दुसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

४/
नियम कागदावरच होता की समाजात पाळला जात होता? चिनी यात्रेकरूंच्या वृत्तांतांतून काही उत्तर मिळते. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान मध्यदेशाविषयी लिहितो, की चांडाळांखेरीज तेथील लोक कांदा-लसूण खात नाहीत. सातव्या शतकातील ह्युएनत्संग सांगतो, की कांदा-लसूण खाणारे थोडे, आणि जो खाईल त्याला नगराच्या तटाबाहेर घालवले जाते. दोघेही बौद्ध भिक्षू होते आणि त्यांच्या संघातही कांदा वर्ज्य होता. त्यामुळे त्यांच्या शब्दांत थोडी अतिशयोक्ती असू शकते. तरीही कांद्याच्या वासावरून माणसाची जागा तटाच्या आत की बाहेर हे ठरत असे, ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही.

५/
त्याच काळात वैद्य मात्र वेगळे सांगत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कांदा बलवर्धक, वृष्य, रुचकर, पचायला जड आणि वातनाशक म्हणून वर्णिला आहे. धर्मशास्त्राने ज्याला पंक्तीतून उठवले, त्याला आयुर्वेदाने आहारात स्थान दिले. 'प्राचीन भारतात कांद्याविषयी काय मत होते?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ग्रंथ कोणाचा आणि कोणासाठी, हे आधी विचारावे लागते.

६/
मराठीतील 'कांदा' हा शब्दच बोलका आहे. संस्कृत 'पलाण्डु' मराठीत रुजला नाही. रुजला तो 'कन्द' या सामान्य शब्दापासून आलेला 'कांदा'. जमिनीखाली वाढणारे कंद पुष्कळ. सुरण, रताळे, अळकुडी हे सारे कंदच. पण त्या साऱ्यांतून ज्याला नुसते 'कांदा' म्हणावे असा एकच उरला. रोजच्या भाकरीसोबत जो असतो, त्यालाच असे बिनविशेषणाचे नाव मिळते. शेताच्या बांधावर बुक्कीने फोडलेला कांदा आणि भाकरी हे कष्टकऱ्यांचे जेवण होते, आणि 'कांदाभाकर' हा शब्द साध्या संसाराचे दुसरे नाव झाला.

७/
तेराव्या शतकातील संत सावता माळी यांचे गाव अरण, आजच्या सोलापूर जिल्ह्यातले. मळा हेच त्यांचे पंढरपूर. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अभंगात मळ्यातील भाजीपाल्यातच विठाई पाहिली आहे, आणि त्या भाज्यांत कांद्याचे नाव येते. स्मृतींनी अभक्ष्य म्हटलेला कंद येथे देवाचे रूप झाला. सावता माळी वारीला गेले नाहीत, विठ्ठलच अरणला त्यांच्या भेटीस आला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. ज्या विठ्ठलाच्या एकादशीआधी अनेक घरे कांदा सोडतात, त्याच विठ्ठलाचा हा भक्त.

८/
दुसरे उदाहरण खंडोबाचे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात. सोबत पातीचा कांदा आणि लसूणही असतो. आषाढात सोडलेले कांदा-वांगे कित्येक घरांत या दिवशी पुन्हा सुरू होते. म्हणजे कांदेनवमी हे या वर्ज्यकाळाचे एक दार असेल, तर चंपाषष्ठी हे दुसरे. आणि हे दुसरे दार उघडतो तो धनगर, शेतकरी आणि व्यापारी अशा अनेकांचा कुलदेव, ज्याला कांद्याचे वावडे नाही.

९/
दरबारी स्वयंपाकघरात कांद्याची प्रतिष्ठा वेगळ्याच वाटेने वाढली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त पाककृतींची प्रमाणे दिली आहेत. 'दोपियाजा' या पदार्थाला १० शेर मांस, २ शेर तूप आणि २ शेर कांदा लागे. तुपाइतकाच कांदा! फारसी 'पियाज' या शब्दावरून पदार्थाला नाव पडले. ज्याला खाल्ल्याने माणूस पतित होत असे, तो आता बादशाही मुदपाकखान्यात तोलून घेतला जात होता.

१०/
आता मूळ प्रश्नाकडे. चातुर्मासात कांदा का सोडतात, याचे आज दिले जाणारे उत्तर बहुधा आरोग्याचे असते. पावसाळ्यात अग्नी मंद होतो आणि कांदा पचायला जड. व्यवहाराचाही एक मुद्दा आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत साठवला जातो. पावसाळी दमट हवेत तो सडू लागतो, त्याला कोंब फुटतात. ही निरीक्षणे खरी आहेत. पण त्यांवरून निषेधाचे मूळ सिद्ध होत नाही, कारण मूळ निषेध पावसाळ्यापुरता नव्हताच.

११/
येथे तिसऱ्या भागातील मुद्दा कामाला येतो. स्मृतींचा निषेध बारमाही होता, चातुर्मासाचा नेम चार महिन्यांचा. जे घर चार महिने कांदा 'सोडते', ते उरलेले आठ महिने तो खाते. सोडण्यासाठी आधी धरलेला असावा लागतो. म्हणून कांदेनवमीला कांद्यावरील बंदीचे स्मारक मानणे चूक ठरते. ती बंदी घराघरांत ढिली पडल्याची ही खूण आहे. शास्त्र आणि जीभ यांच्यात तडजोड झाली, शास्त्राच्या वाट्याला चार महिने आले, आणि तडजोडीच्या सीमारेषेवर लोकांनी भज्यांचा घाणा काढला.

१२/
मेजवानीला भजीच का? तळण हे पूर्वी रोजचे खाणे नव्हते. तीळ, करडई, जवस यांचे तेल बैलाच्या घाण्यावर निघे, आणि कढईभर तेल तापवणे हा खर्चाचा मामला असे. सणाला, पाहुण्याला, समारंभालाच ते परवडे. दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पिकू लागल्यावर आणि पुढे गिरण्यांचे तेल मिळू लागल्यावर कढई अधिक वेळा चुलीवर चढू लागली. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला, तेव्हा तुपालाही स्वस्त पर्याय मिळाला.

१३/
भज्याच्या घटकांचे वयही वेगवेगळे आहे. हरभरा उपखंडात हडप्पाकाळापासून पिकतो. कांदा आणि हळद जुनीच. मिरची मात्र अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. तेव्हा हिरवी मिरची घातलेले आजचे भजे त्याआधीचे असू शकत नाही. एका ताटलीत हजारो वर्षांचे आणि अवघ्या काही शतकांचे पदार्थ शेजारी शेजारी बसलेले असतात.

१४/
कुरकुरीतपणाचे गणित साधे आहे. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी असते, आणि तळणाचा सारा झगडा या पाण्याशी. खेकडा भजीत सुगरण त्याच पाण्याला कामाला लावते. कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवायचा. मिठाने सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन आणि थोडी तांदळाची पिठी घालायची, वरून पाणी घालायचे नाही. चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन. मग हाताने सुटे सुटे कढईत सोडायचे. कांद्याचे पाय बाहेर पसरतात, म्हणून नाव खेकडा.

१५/
गोल भजीत रीत उलटी. कांद्याच्या आडव्या चकत्या करून कडी सुटी करायची आणि दाटसर पिठात बुडवून तळायची. येथे कांद्याला पाणी सुटू द्यायचे नाही, नाहीतर पीठ निसटते. म्हणून कडी आधी कोरड्या पिठात घोळवतात. बेसनात गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने आवरण चिवट होत नाही. पाहुणे जास्त असतील तर एका वेळी थोडीच सोडावीत, कारण कढई भरली की तेल निवते आणि भजी तेल पितात. तळलेली रास झाकून ठेवू नये. आतली वाफ कुरकुरीतपणा घालवते. कांदेनवमीला घरातील कोणीतरी शेवटपर्यंत कढईपाशीच उभे असते, त्याचे कारण हेच. आणि ती व्यक्ती बहुतेकदा घरातील बाईच असते, हाही या इतिहासाचा भाग.

१६/
पाश्चात्य 'ऑनियन रिंग' ही गोल भजीची दूरची सखी. अमेरिकेत एक दंतकथा आहे, की १९२०च्या दशकात डॅलसच्या 'पिग स्टँड' या उपाहारगृहात आचाऱ्याच्या हातून कांद्याची चकती चुकून पिठात पडली आणि हा पदार्थ जन्मला. पण लंडनच्या जॉन मॉलर्ड याच्या १८०२ सालच्या पाककृतिग्रंथात अर्धा इंच जाडीची कडी, मैदा, क्रीम, मीठ, मिरपूड आणि पार्मेझान चीज यांच्या पिठात बुडवून चरबीत तळण्याची कृती छापलेली आहे. सोबत लोणी आणि मोहरीचा सॉस. छापील पुरावा दंतकथेहून शंभरावर वर्षांनी जुना निघाला.

१७/
मग गोल भजी इंग्रजांनी आणली, की ऑनियन रिंग येथून गेली? दोन्ही दाव्यांना आधार नाही, आणि त्यांची गरजही नाही. पाणीदार कांदा, पीठ आणि उकळती स्निग्धता जेथे जेथे एकत्र आली, तेथे स्वयंपाक करणाऱ्यांनी एकाच प्रश्नाची आपापली उत्तरे शोधली. एकाने मैदा वापरला, एकीने बेसन. मॉलर्डचे नाव पुस्तकामुळे राहिले. बेसनात पहिला कांदा बुडवणाऱ्या हातांनी काही छापले नाही.

१८/
आधुनिक काळात कांद्याचा निषेध मागे पडला आणि कांद्याचा भाव पुढे आला. १९४७ साली स्थापन झालेली लासलगावची बाजार समिती देशातील प्रमुख कांदा बाजारपेठ बनली. १९८० साली चाकणच्या कांदा उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी आंदोलन केले, आणि शेतकरी संघटनेचा आवाज राज्यभर पोहोचला. १९९८ साली कांदा महागला, तेव्हा दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला. शहरात भाव चढला की बातमी होते. चाकण-लासलगावात तो पडला की शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो.

१९/
कांदेनवमीचा इतिहास एका ग्रंथात सापडत नाही. तो स्मृतीतील निषेधात, यात्रेकरूच्या नोंदीत, सावता माळ्यांच्या मळ्यात, खंडोबाच्या नैवेद्यात, बादशाही शेर-मापांत आणि लासलगावच्या लिलावात विखुरलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने सण असाच वाचावा. लोक काय सोडतात याबरोबर ते काय धरून बसले होते, हेही पाहावे.

२०/
यंदाच्या आषाढात भज्यांची ताटली पुढे आली, तर एवढे ध्यानात असावे. एके काळी हा कंद खाणाऱ्याला तटाबाहेर राहावे लागे. आज तो पंक्तीच्या मध्यभागी आहे, आणि त्याला तेथवर आणले ते शतकानुशतके तो पिकवणाऱ्या आणि भाकरीबरोबर खाणाऱ्या माणसांनी.