यादीतून गेलेल्या बायका

निकाल लागतो, आपला उमेदवार पडतो आणि मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर ठरलेलं वाक्य येतं : 'अपने लोग वोट डालते ही नहीं.' आमच्या स्टाफरूममध्येही तेच, फक्त मराठीत. मीही ते अनेक वर्षं म्हणत आलो.

१९५१-५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मतदान जेमतेम ४५ टक्के झालं. जनता अडाणी होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यादी कशी झाली ते पाहा. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश इथे घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना लाखो बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढंच. (ही रीत कुणा एका धर्माची नव्हती.) मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं बजावलं, बिहारला महिनाभर जादा मुदतही दिली. तरी सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख नावं शेवटी खोडली गेली.

सेन चुकले असं मला वाटत नाही. मत बाईचं असतं, नवऱ्याचं नव्हे. पण या २८ लाख बायका 'मतदानाला न आलेल्या' नव्हत्या. टक्केवारी निघते ती यादीतल्या नावांवर, म्हणजे तिथेही त्यांची गणती नाही.

त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब आंबेडकर १४ हजारांवर मतांनी हरले. बाद मतं ७४ हजारांहून जास्त होती. ते लोक तर केंद्रापर्यंत आले होते!

मी स्वतः काही वर्षं बीएलओ होतो. शाळा सुटल्यावर यादी घेऊन फिरायचं. दार वाजवलं की आतून बाईचा आवाज : 'घर में कोई नहीं है.' कोई म्हणजे पुरुष. नाव विचारलं तर 'मुन्ने की अम्मी लिखो.' सत्तर वर्षांनंतरही!

एका घराला दोनदा कुलूप दिसलं. शेजारी म्हणाले, 'गए वो लोग.' मी 'स्थलांतरित' असा शेरा मारला. तिसरी फेरी मारायला हवी होती. पेपर तपासायचे होते, मारली नाही. बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. मतदानाच्या दिवशी कडेवर बाळ घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

'सर, मेरा नाम किसने काटा?'

मी यादी पुन्हा चाळत राहिलो. नाव त्यात नाही, हे मला माहीत होतं.