संमती कशाची?

फोटो काढू देणे म्हणजे तो चारचौघांत वाटायला परवानगी देणे नव्हे. ही साधी गोष्ट कायद्याच्या गळी उतरायला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेत सुरुवात न्यू जर्सीने केली. २००४ साली अमलात आलेल्या तिथल्या कायद्याने एखाद्या व्यक्तीचे विवस्त्र चित्र तिच्या संमतीवाचून इतरांना देणे गुन्हा ठरवले. शिक्षा तीन ते पाच वर्षे कैद. देणाऱ्याचा हेतू दुष्ट होता, हे सिद्ध करण्याची अट नव्हती. कॅलिफोर्नियाचा २०१३ चा कायदा मात्र लंगडा निघाला. मनस्ताप देण्याचा हेतू दाखवावा लागे. शिवाय स्वतःच काढून विश्वासाने कुणाला पाठवलेला फोटो त्यात बसतच नसे. ही दुसरी पळवाट २०१४ मध्ये बुजवली गेली.

त्याच २०१३ साली भारतीय दंडविधानात कलम ३५४ सी आले. चित्रणाला संमती असली तरी प्रसाराला नसेल, तर प्रसार हा गुन्हाच, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. संरक्षण मात्र फक्त स्त्रियांना. २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे.

अमेरिकेत देशभर लागू होणारा फौजदारी कायदा यायला मे २०२५ उजाडले. संगणकाने बनवलेली खोटी चित्रेही त्यात आली.

आपल्या घरांत अशा वेळी पहिला प्रश्न येतो, "फोटो काढलासच कशाला?" कायद्याने तो केव्हाच सोडून दिला. "पसरवला कोणी?" हे विचारायला आपणही शिकू या.