युनायटेड गोअन्स पक्ष

गोमंतकातील एक प्रादेशिक राजकीय पक्ष. पोर्तुगीज अंमल संपून पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती, अशा वेळी १९६३ साली काही लहानसहान गटांच्या एकत्रीकरणातून तो स्थापन झाला. डॉ. जॅक सिक्वेरा (१९१५–१९८९) हे त्याचे अध्वर्यू. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण होऊ नये, या मुलखाचे वेगळे अस्तित्व राहावे, एवढीच त्याची खरीखुरी भूमिका; बाकीचा जाहीरनामा तिच्या पाठीमागून चालत आला.

या पक्षाला सर्रास ‘ख्रिस्ती पक्ष’ म्हटले जाते, ते मतदारांपुरते बव्हंशी खरे आहे, सिद्धान्तापुरते नाही. युरोपातील काही ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांची घडण याच्या नेमकी उलट दिसते. डेन्मार्कमध्ये अश्लील चित्रांवरील निर्बंध उठल्यावर आणि गर्भपाताचा कायदा सैल होऊ लागल्यावर १९७० मध्ये जो ख्रिस्ती लोकपक्ष निघाला, त्याच्यापाशी धर्मविचार भरपूर होता, पण मते बेताची. १९७३ मध्ये त्याला ७ जागा लाभल्या आणि पुढे दोन टक्क्यांच्या कायदेशीर उंबरठ्यावर त्याला वारंवार ठेच लागत राहिली. सिक्वेरांच्या पक्षाजवळ मतदारांचा संच तयार होता. धर्मशास्त्रातून काढलेला राज्यविचार मात्र त्याने कधी मांडला नाही, आणि त्याला त्याची गरजही भासली नाही.

असा पक्ष गोव्यातच का उभा राहिला, याचे उत्तर वस्तीच्या ठेवणीत आहे. मावळातील लोणावळ्याचे उदाहरण घ्यावे. बोरघाटातून लोहमार्ग गेल्यानंतर तेथे रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरे उभी राहिल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये आहे. परंतु नोकरीच्या निमित्ताने येणारी-जाणारी ती विरळ वस्ती निवडणुकीच्या हिशेबात धरण्याजोगी नव्हती. याउलट गोव्यातील साष्टी तालुक्यात गावेच्या गावे ख्रिस्ती होती, जमीन त्यांची होती आणि चर्च ही गावगाड्यातील जिवंत संस्था होती.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत ३० पैकी १२ जागा या पक्षाने जिंकल्या; काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही मिळाली नाही. सत्ता विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे गेली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. बहुजन कुळे-मुंडकार एकीकडे, तर ख्रिस्ती समाज व काही भाटकार (जमीनदार) दुसरीकडे, असा हा सामना ढोबळमानाने मांडता येतो. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतील बहुमतावर सोपवावा, हा सत्ताधाऱ्यांचा आग्रह. तो प्रत्यक्ष जनतेने द्यावा, असे सिक्वेरांनी दिल्लीदरबारी लावून धरले, आणि विरोधी बाकांवरून मिळवलेले त्यांचे हेच सर्वांत मोठे यश होय. जनतेचा हा कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. मतपत्रिकेवर दोनच चित्रे होती : विलीनीकरणाला फूल, संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याला दोन पाने. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून कमी असल्यामुळे हा विजय हिंदू मतांवाचून अशक्य होता. ती मते वळवण्यात मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाचा वाटा मोठा : चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जाण्याविरुद्धची लढाई मराठी वृत्तपत्रातून, खणखणीत मराठीत लढली गेली, हे महाराष्ट्रातील पुष्कळांना तेव्हा उमगले नाही. आजही ते क्वचितच सांगितले जाते.

कौल जिंकताच पक्षाचे प्रयोजन सरले. तत्पूर्वीच त्यात सिक्वेरांचा आणि फुर्तादो या नेत्याचा असे दोन तट पडले होते. त्याच वर्षीच्या मार्चमधील निवडणुकीत सिक्वेरा गटाने १२ जागा राखल्या खऱ्या. परंतु वेगळेपण टिकवून देणाऱ्या पक्षाकडे राज्य सोपवावे, असे मतदारांना वाटले नाही, आणि बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये जागा १० वर आल्या. त्यानंतर काही मंडळी काँग्रेसमध्ये गेली, सिक्वेरा जनता पक्षात शिरले, आणि साष्टीची मते पुढे बहुतांशी काँग्रेसच्या पदरात पडली.