आठपट पाण्याचा हिशेब : महाराष्ट्रातील जलप्रदूषण नियमनाचा इतिहास

पाण्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा संसदेच्या कायद्यापेक्षा जुना आहे. ‘महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९’ हा १९७० सालचा सोळावा अधिनियम म्हणून राज्याच्या कायद्यांत दाखल झाला आणि त्याच्या तरतुदींनुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी जलप्रदूषण प्रतिबंध मंडळ स्थापन झाले; आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपले वय याच दिवसापासून मोजते. ओडिशाने १९५३ मध्येच नदी प्रदूषणाविरुद्ध कायदा केला होता, त्यामुळे पहिलेपणाचा मान महाराष्ट्राकडे जात नाही. तरीही स्वतःची यंत्रणा उभारणारे हे राज्य या बाबतीत दिल्लीची वाट पाहत थांबले नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मंडळाच्या इतिहासाकडे सहसा खटले, नोटिसा आणि दंड यांच्या अंगाने पाहिले जाते. या साऱ्याच्या मुळाशी मात्र एक आकडा आहे, आणि तो आकडा ज्या नद्यांसाठी काढला गेला त्या नद्या महाराष्ट्रातल्या नव्हत्या, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा इतिहास नीट उलगडत नाही.

या कायद्यापूर्वी पाणी घाण करण्याबद्दल कायदा अगदीच मुका होता असे नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७७ अन्वये सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांचे पाणी जाणूनबुजून दूषित करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे, परंतु या कलमाच्या शब्दांत ‘नदी’ नव्हती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेसंबंधी वहिवाटीने मिळणाऱ्या हक्कांच्या कायद्याने, पाणी प्रदूषित करण्याचा वहिवाटी हक्क किती मर्यादेपर्यंत धरावा हेही सांगून ठेवले होते. दीर्घकाळ सोडलेली घाण हा हक्क होऊ शकतो ही कल्पनाच त्या काळाच्या दृष्टीबद्दल पुष्कळ सांगते. गावोगावच्या पाणवठ्यांवर पिण्याचे पाणी वरच्या अंगाला, धुणे त्याखाली आणि गुरे आणखी खाली अशी शहाणपणाची व्यवस्था होती. पण त्याच पाणवठ्यांवर ‘पाणी बाटणे’ या शब्दाचा अर्थ पाण्यात काय मिसळले याच्याशी निगडित नव्हता, पाण्याला कोणाचा हात लागला याच्याशी होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले, म्हणजे पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळून ते पवित्र झाल्याचे ठरवले. त्याच महाड परिसरात पुढे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न मंडळापुढे आला. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणाऱ्या समाजाला पाणी खरोखर कशाने बिघडते हे मोजून सांगणारा कायदा मिळाला तो १९६९ च्या या अधिनियमाच्या रूपाने, आणि या दृष्टीने पाहता त्याचे मोल केवळ प्रशासकीय राहत नाही.

कायद्याची गरज तातडीची झाली ती उद्योगांच्या वेगामुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले आणि ठाणे, अंबरनाथ, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यांत वसाहती आखल्या गेल्या. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने आणि त्यांच्या मळीवर चालणाऱ्या आसवन्या वाढल्या. मळीपासून मद्यार्क काढून झाल्यावर उरणारे गडद तपकिरी पाणी ज्या ओढ्यात शिरते, त्या ओढ्यातील मासे तडफडून वर येतात, हे नदीकाठच्या माणसाला प्रयोगशाळेने सांगावे लागत नव्हते. कल्याणजवळच्या काळू नदीत तर पाऱ्यासारखा विषारी धातू आढळल्याने हा प्रश्न वासापुरता आणि रंगापुरता उरला नाही.

नव्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘संमतीपत्र’. सांडपाणी नदीत, नाल्यात किंवा जमिनीवर सोडू इच्छिणाऱ्याने मंडळाची आगाऊ संमती घ्यायची आणि मंडळाने त्या संमतीला अटी जोडायच्या, अशी ही रचना आहे. येथे कायद्याची दिशा बदलली. पूर्वी नुकसान झाल्यावर ज्याचे नुकसान झाले त्याने दाद मागायची असे. आता नुकसान होण्याआधीच किती घाण सोडता येईल हे लिहून द्यायचे होते. म्हणजे ‘प्रतिबंध’ हे नाव धारण केलेल्या मंडळाचे रोजचे काम परवानगी देण्याचे झाले, आणि त्या परवानगीत लिहिण्यासाठी आकडा हवा होता.

या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’चा, म्हणजे कारखान्यांत आणि मंडळाच्या कचेऱ्यांत सर्रास ज्याला बीओडी म्हणतात त्याचा. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन जिवाणू वाढतात आणि त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितका प्राणवायू अधिक खर्च होतो आणि माशांना तो उरत नाही. ही मागणी मोजण्यासाठी पाण्याचा नमुना पातळ करून काचेच्या बुचाच्या बाटलीत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही असा काठोकाठ भरतात, ती बाटली ठरावीक तापमानाला अंधारात ठेवतात आणि आधीच्या व नंतरच्या प्राणवायूतील फरक काढतात. २७ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, हे लक्षात घेतले म्हणजे नदीचा हा साठा किती तुटपुंजा असतो ते कळते.

या चाचणीला नियमनाचे माप बनवले ते इंग्लंडमधील एका राजनियुक्त आयोगाने. सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करण्यासाठी १८९८ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात असे सुचवले की, नदीत सोडायच्या सांडपाण्याची बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमच्या आत असावा. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. बऱ्यापैकी स्वच्छ नदीची स्वतःची मागणी २ मिलिग्रॅम असते आणि ती ४ च्या वर गेली की नदी बिघडल्याची लक्षणे दिसू लागतात, असे आयोगाचे निरीक्षण होते. एक भाग सांडपाण्यात नदीचे आठ भाग पाणी मिसळले, तर नदीच्या आठ भागांचे १६ आणि सांडपाण्याचे २० मिळून ३६ होतात, आणि त्यांना नऊ भागांत वाटले की बरोबर ४ येतात. वीस हा आकडा आठपट पाण्याच्या पायावर उभा होता, आणि प्रवाह याहून कमी असेल तेथे मर्यादा अधिक कडक हवी, हेही त्या विचारात अनुस्यूत होते.

भारतात हे आकडे आले, पाया मात्र मागे राहिला. शहरी सांडपाणी नद्यांत सोडण्यासाठी भारतीय मानक संस्थेने १९७३ मध्ये घालून दिलेली मर्यादा हीच होती : बीओडी २० आणि तरंगता गाळ ३०. पुढे पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांत बीओडीसाठी ३० हा आकडा आला. इंग्लंडच्या थंड हवेतील पाच दिवसांच्या चाचणीऐवजी २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी स्वीकारली गेली. हवामानाप्रमाणे बाटलीचे तापमान बदलण्याची ही दक्षता शास्त्राला धरून होती, पण नदीच्या प्रवाहाबाबत तशी दक्षता दिसत नाही. बारमाही पावसाच्या देशातील नदी वर्षभर वाहते, तर दख्खनच्या नद्यांना चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे असते, आणि तेही आता धरणांच्या भिंतींमागे अडवलेले असते. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. मुठेचे पाणी तेव्हापासून कालव्यांकडे आणि शहराच्या नळांकडे वळत गेले आणि उन्हाळ्यात पुण्याच्या पुलांखालून जे वाहते ते बव्हंशी शहराने वापरून टाकलेले पाणी असते. अशा पात्रात २० मिलिग्रॅमची अट तंतोतंत पाळलेले सांडपाणी सोडले, तरी त्यात मिसळायला आठ भाग नदीच नसल्यामुळे पात्रातील पाण्याची मागणीही २० च राहते, म्हणजे आयोगाने धोक्याची मानलेल्या रेषेच्या पाचपट. नियम पाळूनही नदी मरते, याचा उलगडा या साध्या हिशेबात आहे आणि नियम मोडणाऱ्यांची पापे मोजण्याच्या नादात तो फार काळ दुर्लक्षिला गेला.

नियम मोडणाऱ्याला पकडण्याची रीतही बाटलीभोवतीच फिरते. पुढे १९७४ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्याच्या कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घेताना कारखान्याच्या भोगवटादाराला तेथल्या तेथे लेखी सूचना द्यावी लागते, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्ही भाग मोहरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि भोगवटादाराने मागणी केल्यास दुसरा भाग वेगळ्या, कायद्याने नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. यातील एखादी पायरी चुकली तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. निरपराध्याला संरक्षण देण्याच्या हेतूने घातलेली ही बंधने रास्तच होती. परंतु रात्री नाल्यात टँकर रिकामा करणाऱ्यासमोर मोहर, सूचना आणि सही यांची ही शिस्त हतबल ठरते, कारण ज्याच्यासमोर नमुना घ्यायचा तो भोगवटादारच तेथे नसतो आणि सकाळपर्यंत पाणी पुढे गेलेले असते.

केंद्राचा कायदा येईपर्यंत बराच काळ गेला. १९६२ मध्ये केंद्राने या प्रश्नासाठी समिती नेमली, पण ‘पाणी’ हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत असल्याने संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. अनुच्छेद २५२ प्रमाणे काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून तशी विनंती केल्यावरच जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ मध्ये संमत झाला. ठराव करणाऱ्या बारा राज्यांत गुजरात आणि कर्नाटक होते, स्वतःचा कायदा असलेला महाराष्ट्र नव्हता. गोवा तेव्हा केंद्रशासित असल्याने तेथे हा कायदा आपोआप लागू झाला, म्हणजे तेरेखोल नदीच्या दक्षिणेला जो कायदा १९७४ पासून होता तो उत्तरेला, महाराष्ट्रात, १ जून १९८१ रोजी आला, आणि मूळच्या मंडळाची त्या कायद्याखाली पुनर्रचना झाली. ‘प्रतिबंध’ हा शब्द नावातून गेला आणि ‘नियंत्रण’ उरले. हवेच्या प्रदूषणाचा कायदाही १९८३ मध्ये राज्यात लागू झाल्यावर मंडळाचा पसारा वाढला.

मंडळाच्या हातात खरी सत्ता आली ती भोपाळनंतर. त्याआधी प्रदूषण थांबवायचे तर जल अधिनियमाच्या कलम ३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेने देश हादरला, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला आणि १९८८ मध्ये जल अधिनियमात कलम ३३अ घातले गेले, ज्यामुळे कारखाना बंद करण्याचा आणि त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश मंडळाला स्वतःच देता येऊ लागला. या कलमाचा धाक उद्योगांना निश्चितच बसला. मात्र नद्यांत जाणाऱ्या घाणीचा मोठा वाटा शहरांच्या सांडपाण्याचा आहे, आणि शहराची वीज तोडता येत नाही की शहर बंद करता येत नाही. महानगरपालिकेला नोटीस पाठवणारे मंडळ आणि निधीअभावी प्रक्रिया केंद्र रखडल्याचे सांगणारी पालिका, या दोघांच्या पत्रव्यवहारात अनेक नद्यांची अनेक वर्षे गेली. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरून माणसे दगावली, तेव्हा केंदाळाने भरलेल्या पंचगंगेकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. तोवर हा प्रश्न त्या काठापुरताच मानला जात होता.

आकड्याऐवजी अंतराने नदी राखण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्राने केला होता, आणि तो अधिक दूरदृष्टीचा होता असे म्हणणे भाग आहे. जुलै २००० मधील नदी नियमन क्षेत्र धोरणाने नद्यांच्या भागांना त्यांच्या वापरानुसार चार वर्गांत विभागले : केवळ निर्जंतुक करून पिता येईल असे पाणी, प्रक्रियेनंतर पिण्याजोगे पाणी, मासे व वन्यजीवांपुरते पाणी, आणि शेतीला किंवा कारखान्यातील यंत्रे थंड करायला चालेल असे पाणी. वर्ग जितका वरचा तितका काठाचा रुंद पट्टा प्रदूषक उद्योगांना बंद, असे त्याचे सूत्र होते. सांडपाण्याची बाटली तपासण्यापूर्वी नदी कोणती, तिच्यात पाणी किती आणि ते कोण पिणार, हा प्रश्न येथे प्रथम विचारला गेला. उद्योगवाढीला अडसर होतो अशा तक्रारींनंतर २००९ मध्ये धोरणात बदल झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्दच करण्यात आले.

तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मुळा आणि मुठा त्या यादीत आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी पोटात घेऊन त्या भीमेला मिळतात आणि भीमा ते उजनीच्या जलाशयात नेऊन ठेवते. उन्हाळ्यात सोलापूरसाठी उजनीतून पाणी सोडले जाते तेव्हा ते भीमेच्या कोरड्या पात्रातून औजच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, आणि वाटेत पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी स्नानासाठी उतरतात ते याच पाण्यात.