बर्फावरील पाऊल : सैनिकांची हिमपादत्राणे आणि पुरवठ्याचा प्रश्न

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याला सैनिकी सेवेची मोठी परंपरा आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने तर ती आपल्या नावातच जपली आहे. रोह्याच्या शेजारच्या माणगाव तालुक्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांना इटलीच्या आघाडीवर १० जुलै १९४४ रोजी गाजविलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या परंपरेविषयीचे लेखन बहुधा शौर्याभोवती फिरते. सैनिकाच्या पायांत काय होते, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. भातखाचरांच्या प्रदेशात वाढलेला जवान बर्फात उभा राहतो, तेव्हा मात्र हा प्रश्न गौण राहत नाही. प्रस्तुत लेखात हिमपादत्राणांच्या निमित्ताने साधन, प्रशिक्षण आणि पुरवठा यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

साधनांचे स्वरूप

पेणच्या खारेपाटातील गाळात पाऊल का रुतते, हे तेथील रहिवाशांना समजावून सांगावे लागत नाही. शरीराचा सारा भार तळव्याएवढ्या जागेवर पडतो, म्हणून ते रुतते. भुसभुशीत बर्फातही हेच घडते. लाकडी चौकटीत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेला 'स्नो-शू' हा भार रुंद पृष्ठभागावर पसरवितो. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींचे हे साधन युरोपीय वसाहतवाल्यांच्या सैन्यांनी उचलले. लेक जॉर्जजवळ १३ मार्च १७५८ रोजी इंग्रजांच्या बाजूने लढणारी रॉबर्ट रॉजर्सची तुकडी आणि फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी मित्र यांच्यात झालेली चकमक इतिहासात 'स्नो-शूंवरील लढाई' म्हणूनच ओळखली जाते.

'क्रॅम्पॉन'चे प्रयोजन याच्या उलट आहे. तेथे पाऊल रुतण्याचे नव्हे, तर कठीण बर्फावरून घसरण्याचे भय असते. बुटाच्या तळाला बांधावयाचा हा अणकुचीदार दातांचा पोलादी सांगाडा होय. ऑस्कर एकेनस्टाइन यांनी १९०८ मध्ये त्याची दहा दातांची आधुनिक रचना केली आणि इटलीतील कूरमायर येथील ग्रिव्हेल या लोहारांच्या घराण्याने ती घडविली. १९२९ मध्ये पुढच्या बाजूस दोन दात वाढविण्यात आले. त्यामुळे उभ्या बर्फावर चढणे सुकर झाले.

मात्र ही साधने एकटी पुरेशी ठरत नाहीत. क्रॅम्पॉनला ताठ तळाचा बूट लागतो. पट्टे सैल राहिले तर पाय घसरतो. फार आवळले तर रक्तप्रवाह मंदावून हिमदंशाचा धोका वाढतो. तात्पर्य, बूट, मोजे, पट्टे आणि ते वापरण्याचा सराव मिळून एकच व्यवस्था बनते. तिचा एक दुवा तुटला की सैनिक पायाने निकामी होतो.

अपेनाइन ते गुलमर्ग

१९४४-४५ च्या हिवाळ्यात मराठा पलटणींनी इटलीतील अपेनाइन पर्वतात थंडी व चिखल यांचा अनुभव घेतला. परंतु तेथे दोस्त राष्ट्रांची विस्तृत पुरवठायंत्रणा आणि खेचरांची वाहतूक पाठीशी होती. शिवाय उत्तर अपेनाइनची उंच शिखरे सुमारे दोन हजार मीटरची आहेत. हिमालयातील अनेक ठाणी त्याच्या दुपटीहून उंच आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या काश्मीर युद्धात झोजी ला परिसरातील मोहिमेने हिमयुद्धाचे वेगळेपण स्पष्ट केले. त्याच वर्षाच्या अखेरीस गुलमर्ग येथे स्कीइंगचे सैनिकी प्रशिक्षण सुरू झाले. त्यातूनच पुढे 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' ही संस्था आकारास आली. म्हणजेच ज्ञानाची बीजे देशात होती. ती सर्व सैन्यात रुजली नव्हती.

१९६२ : नामका चू

याची किंमत ऑक्टोबर १९६२ मध्ये मोजावी लागली. नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडच्या अनेक जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश व पायांत कॅनव्हासचे बूट होते. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांनी 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) या ग्रंथात या दुरवस्थेचे वर्णन केले आहे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीस गेला, हे वर्णन तेव्हापासून मराठी मनात रूढ आहे. तथापि, त्यांचे खरे महत्त्व २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत केलेल्या निवेदनातून जाणवते. पराभवाच्या चौकशीचा सारांश मांडताना त्यांनी साधनसामग्रीची एकूण टंचाई मान्य केली. त्याचबरोबर, सामग्री देशात कोठेच नव्हती असे प्रत्येक वेळी नव्हते. ती मैदानी प्रदेशाच्या टोकापर्यंत पोहोचे, परंतु तेथून विमान, जनावरे वा हमालांमार्फत आघाडीवर वेळेत पोहोचत नसे, असे त्यांनी स्पष्ट केले. सपाटीवरून तातडीने उंचीवर नेलेल्या सैनिकांना हवामानाशी जुळवून घेण्यास अवधी मिळाला नाही, हेही त्यांनी नमूद केले. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारण्यात आल्या.

सियाचिन आणि नंतर

१३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले. तेव्हापासून सियाचिनवर शत्रूपेक्षा हवामान व भूप्रदेश यांनीच अधिक बळी घेतले आहेत. अशा ठिकाणी पादत्राण हे शस्त्राइतकेच मोलाचे ठरते. तरीही भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालानुसार, नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात अतिउंचीवरील जवानांना बहुउद्देशीय बूट मिळाले नाहीत आणि जुनेच बूट पुन्हा वापरण्याजोगे करून त्यांना काम भागवावे लागले. १९६३ च्या निवेदनातील प्रश्न अर्धशतकानंतरही पूर्णतः सुटलेला नव्हता, असे यावरून म्हणावे लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, हिमयुद्धात साधनाचा शोध लागणे ही केवळ पहिली पायरी असते. ते जवानाच्या पायापर्यंत वेळेत पोहोचणे आणि त्या पायाला त्याचा सराव असणे, या दोन पायऱ्या अधिक निर्णायक ठरतात. शौर्याच्या गौरवात या उणिवा झाकल्या जातात. म्हणून शौर्याचा इतिहास लिहिताना पुरवठ्याचा इतिहासही लिहिला पाहिजे. पेण, रोहा, माणगाव व महाड परिसरातील माजी सैनिकांच्या स्मृतींत या इतिहासाची साधने आजही उपलब्ध होऊ शकतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखतींचे संकलन हाती घ्यावे. मुलाखतीत पदकांबरोबरच बुटांविषयीही विचारावे. दफ्तरात न उरलेले पुष्कळसे त्या उत्तरांतून हाती येईल.