एका फुप्फुसावर तीस वर्षे

धनत्रयोदशीला आमच्या गावचे डॉक्टर दवाखान्यात धन्वंतरीची तसबीर मांडतात आणि ओळखीच्या चार माणसांना प्रसादाला बोलावतात. गेल्या वर्षी धणे-गूळ हातावर ठेवता ठेवता ते मला म्हणाले, "गुरुजी, तीन महिने तुमचा खोकला ऐकतो आहे. दिवाळी झाली की छातीचा फोटो काढून घ्या."

फोटोत काही निघाले नाही. पण तो हाती येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. वीस वर्षे रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या, त्या साऱ्या सिगारेटच्या धुरात. घाबरलेल्या मास्तराला दुसरे काय सुचणार? मी वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते; वैद्यकातले बारकावे मला कळत नाहीत. परंतु माणसांची गोष्ट दिसली की ती मी सोडत नाही, आणि त्या वाचनात मला दोन माणसे भेटली. दोघेही अमेरिकेतले, दोघेही डॉक्टर. ऐन सणात हा विषय काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट अगदीच काळोखाची नाही.

आज नवल वाटेल, पण एके काळी फुप्फुसाचा कर्करोग हा फार दुर्मिळ रोग होता. १९१२ साली आयझॅक ॲडलर यांनी त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा इतक्या विरळा रोगावर ग्रंथ लिहावा की नाही, असाच प्रश्न त्यांना पडला होता. परंतु सिगारेटी वळणारी यंत्रे तोवर आली होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांना शिध्याबरोबर सिगारेटी मिळू लागल्या. युद्ध संपले, सवय घरी आली.

हा रोग शरीरात शिरतो कसा, हेही थोडे सांगायला हवे. आपल्या श्वासनळ्यांना आतून अतिसूक्ष्म केसांचे अस्तर असते. धूळ नि कफ वर लोटण्याचे काम हे केस अहोरात्र करतात. धुराने ते आधी लुळे पडतात, मग झडतात. वर्षानुवर्षांच्या या माऱ्यात एखादी पेशी आपली मर्यादा विसरते आणि वाढतच सुटते. फुप्फुसाला आतून वेदना जवळजवळ कळतच नाही; म्हणून गाठ वाढत असते आणि माणूस बाजारहाट करीत असतो. मग खोकला हटत नाही, कफात रक्त दिसते, दम लागतो, आवाज बसतो, वजन उतरते. तोवर पुष्कळदा रोगाच्या पेशी रक्तावाटे यकृत, हाडे, मेंदू येथवर पोचलेल्या असतात. ज्याने विडीला कधी हात लावला नाही त्यालाही हा रोग गाठतो. खाणीतला रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉसची धूळ, शहरातली दूषित हवा हीही त्याची कारणे आहेत. परंतु तंबाखूचा धूर सर्वांत मोठे कारण.

आता ती दोन माणसे. पहिले इव्हार्ट्स ग्रॅहॅम, सेंट लुइस शहरातले नामांकित शल्यविशारद. दुसरे पिट्सबर्गचे जेम्स गिलमोर, वय ४८, बायकांची बाळंतपणे करणारे डॉक्टर. १९३३ साली गिलमोर यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेआधी ते घरी जाऊन आले. त्या भेटीत त्यांनी दातांची डागडुजी करून घेतली आणि दफनभूमीत आपल्यापुरती जागाही विकत घेतली, असे सांगतात! जगण्याचीही तयारी, मरण्याचीही.

५ एप्रिल १९३३ रोजी ग्रॅहॅम यांनी छाती उघडली. फुप्फुसाचा एकच भाग काढायचा बेत होता. पण गाठीचा पसारा पाहून त्यांनी डावे फुप्फुस सबंध काढले. उरलेली पोकळी भरून यावी म्हणून काही बरगड्याही काढल्या. कर्करोगासाठी सबंध फुप्फुस एकाच वेळी काढून रोगी वाचल्याची ही पहिली घटना. गिलमोर बरे झाले आणि आपल्या कामाला लागले.

ग्रॅहॅम स्वतः मात्र सिगारेटी ओढतच होते. अर्न्स्ट वाइंडर नावाचा तरुण विद्यार्थी त्यांच्याकडे आला नि म्हणाला, या रोगाचे मूळ सिगारेटीत असावे. ग्रॅहॅम यांना ते पटेना. सिगारेटींचा खप वाढला तसा नायलॉनच्या पायमोज्यांचाही वाढला आहे, असे ते म्हणत. पण माणूस खरा विद्वान! विद्यार्थ्याला त्यांनी उडवून लावले नाही. रोगी मोजायला परवानगी दिली. २७ मे १९५० रोजी दोघांच्या नावे निबंध छापला गेला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६०५ पुरुषांपैकी शेकडा ९६ हून अधिक जण वर्षानुवर्षे बऱ्यापैकी ते अखंड ओढणारे होते. इस्पितळातल्या इतर पुरुषांत हे प्रमाण शेकडा ७३ च्या आसपास होते. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनहून रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी तेच सांगितले. त्यांच्या ६४९ कर्करोगी पुरुषांत कधीच न ओढलेले दोघे. तितक्याच इतर रोग्यांत सत्तावीस.

ग्रॅहॅम यांनी सिगारेट सोडली. पुढे १९५३ मध्ये वाइंडर आणि सहकाऱ्यांसह त्यांनी उंदरांच्या पाठीला तंबाखूचा काट लावून पाहिला. शेकडा ४४ उंदरांना कर्करोग झाला. पण हिशेब जुना होता. १९५७ च्या आरंभी त्यांच्याच दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला. दोन्हीकडे पसरलेल्या रोगापुढे त्यांची ती जगप्रसिद्ध शस्त्रक्रिया निरुपयोगी होती. आपला रोग चोरपावलांनी आला, सिगारेट सोडून पाच वर्षे झाली खरी पण त्याआधी पन्नास वर्षे ओढली होती, असे त्यांनी एका शल्यविशारद मित्राला पत्रातून कळवले. ४ मार्च १९५७ रोजी ते वारले. गिलमोर एका फुप्फुसावर १९६३ पर्यंत जगले.

हे वाचून मी पुस्तक मिटले. हातातली सुरी जगाला दिपवणारी. पण त्या डॉक्टरला जे कळायला हवे होते ते सुरीने नव्हे, एका पोराच्या मोजणीने सांगितले, आणि तेही उशिरा. मला तर ते फुकट कळले होते!

उशीर म्हणजे किती, याचाही हिशेब डॉल यांनीच पुढे मांडला. ब्रिटनच्या डॉक्टरांवर त्यांनी पन्नास वर्षे नजर ठेवली आणि २००४ साली निष्कर्ष दिला: सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आयुष्य गमावतो. चाळिशीत सोडली तर त्यातली सुमारे नऊ परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा. माझे वय शेहेचाळीस. मी कागदावर त्रैराशिक मांडले नि सौ.ला दाखवले. ती म्हणाली, "गणित बरोबर आहे. पाकीट इकडे द्या."

उद्या-परवा पुन्हा धनत्रयोदशी. डॉक्टरांकडे धणे-गुळाला जाणार आहे. खोकला गेला. वर्गात कविता एका दमात म्हणता येते. नवी कादंबरी मात्र सातव्या प्रकरणापाशी अकरा महिने अडून बसली आहे. तिला अजून धुराची आठवण येते. येऊ दे. ती थांबायला तयार आहे, आणि मीही.